बिळाच्या तोंडाशी
(प्रस्तावना)

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेलं कुत्रं आपल्याकडच्या जुन्या माणसांना नीट आठवत असेल. कुत्रं शिवलं तर हातपाय धुवूनच आत यायचं, अशी ज्या घरांची रीत, त्या घरांतही ते होतं. नाट्यगीतांच्या तबकड्यांवर बसून ते देवघराच्या शेजारच्या कपाटापर्यंत बिनबोभाट पोचलं होतं. माझे आजोबा त्या तबकड्यांना ‘कुत्रा छाप’ म्हणत आणि फडक्यानं पुसताना कुत्र्याच्या तोंडावरून जरा हलका हात फिरवत.

त्या कुत्र्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जन्मलं आणि १८९५ मध्ये गेलं. फ्रान्सिस बरॉ या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं ते त्याच्या पश्चात, आणि ग्रामोफोन कंपनीनं ते विकत घेतलं १८९९ मध्ये. घरी आलेल्या माणसाच्या पोटरीला मागून हळूच दात लावायची खोड होती, म्हणून निपर. चित्रात ते जे शांत, एकाग्र बसलेलं दिसतं, ती बरीचशी चित्रकाराची मेहेरबानी समजावी. कारण निपर टेरियर होतं. अगदी शुद्ध जातीचं नसेल, पण वळण टेरियरचं. टेरियर पाळलेल्या माणसाला त्या चित्राकडे बघून पहिला प्रश्न पडतो तो हा, की आतला आवाज कुठून येतो ते शोधायला ह्यानं तो कर्णा अजून उलटापालटा कसा केला नाही?

आमच्या कदीम जालन्यात लहान कुत्र्याला एकच नाव आहे, पामेरियन. पांढरं असो, काळं असो, केसाळ असो की गुळगुळीत, गुडघ्याच्या खाली असलं की पामेरियन. मोठं आणि काळं असलं की डॉबरमन, उरलेली सगळी गावठी. ही वर्गवारी व्यवहाराला पुरते, त्यामुळे तिला हसण्यात अर्थ नाही. पण गेल्या काही वर्षांत गांधी चमनच्या बाजूला संध्याकाळी फिरायला निघालं, की पट्ट्याला हिसके देत मालकालाच फिरवणारी, पांढऱ्या अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेली बुटकी कुत्री दिसू लागली आहेत. ती पामेरियन नाहीत, ती टेरियर आहेत. त्यांना पामेरियन समजून वागवलं, की घरातली गादी, कुंडीतली तुळस आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध, तिन्ही एकाच महिन्यात जातात. हे पुस्तक त्या गैरसमजापायी लिहिलं गेलं आहे.

टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या ‘टेरा’वरून, म्हणजे मातीवरून आला. जमिनीत शिरणारं कुत्रं. जॉन कायस या इंग्रज वैद्यानं १५७० मध्ये इंग्लंडातल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातही कोल्ह्याच्या आणि बिज्जूच्या बिळात घुसणारी ही कुत्री वेगळी काढून दाखवली आहेत. बहुतेक शिकारी कुत्री माणसाच्या डोळ्यांसमोर काम करतात. हे असं, जे मालकाच्या नजरेआड, अंधारात, जमिनीखाली, आपल्याएवढ्याच किंवा आपल्याहून दांडग्या जनावरासमोर उभं राहतं. तिथे ‘बस’, ‘थांब’, ‘मागे फिर’ म्हणणारं कोणी नसतं, निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. टेरियर हट्टी असतं, ऐकत नाही, हाक मारली तर आधी विचार करतं, असं जे आपण तक्रारीच्या सुरात सांगतो, ते त्याच्या कैक पिढ्यांनी मुद्दाम निवडून राखलेलं गुणवैशिष्ट्य आहे.

शरीराचंही तेच. जॅक रसेलच्या छातीला कोपरामागून दोन्ही हातांचा वेढा घालावा, बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत. घेर साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर. प्रदर्शनातले पंच आजही हा वेढा घालून बघतात. ज्या बिळात कोल्हा मावतो त्यात कुत्रंही मावलं पाहिजे, इतका साधा हिशेब. उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि दर पाच सेंटिमीटरला एक किलो वजन, म्हणजे पाच-सहा किलोंचा जीव. शेपूट जाड आणि मुळाशी घट्ट, कारण अडकलेलं कुत्रं शेपटीला धरून बाहेर ओढावं लागे. आणि भुंकणं! वर कुदळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुठे खणायचं हे कळावं, म्हणून ते आत सतत भुंकत राहायचं. जे भुंकायचं थांबे ते कामाचं नव्हे. आज तिसऱ्या मजल्यावरचं टेरियर लिफ्टचा आवाज आला की जे भुंकतं, ते ह्याच नोकरीतलं. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण मात्र त्याच्या कानावर गेलेली दिसत नाही. निपरच्या घरचे पाहुणे सांगू शकले असते.

ह्या मातीखालच्या कुत्र्याची घराणी ढोबळमानानं चार. जागतिक संघटना एफसीआयनं टेरियरांचा जो तिसरा गट केला आहे त्यातही चारच विभाग आहेत: मोठे-मध्यम, लहान, बुल जातीचे आणि खेळण्यातले. इंग्लंडातले टेरियर पायांनी उंच. घोड्यांमागून धावत शिकारीच्या ठिकाणी पोचायचं, मग बिळात शिरायचं. फॉक्स टेरियर हे त्यांतलं नमुनेदार. स्कॉटलंडातले बुटके, राठ केसांचे, खडकांच्या कपारीत घुसणारे: केर्न, स्कॉटिश, वेस्ट हायलँड. शेवटच्याच्या पांढऱ्या रंगाची एक कथा सांगतात. पोल्टॅलॉकच्या कर्नल माल्कम यांच्या हातून शिकारीत आपलंच तांबूस कुत्रं कोल्हा समजून मारलं गेलं, तेव्हापासून त्यांनी फक्त पांढरी पिल्लंच ठेवली. बुल टेरियरांचं घराणं झुंजींच्या आखाड्यातलं. त्याचा विषय वेगळा, आणि लेखकानं तो बाजूला ठेवला हे बरं केलं. चौथं घराणं खेळण्यातल्यांचं. यॉर्कशायर टेरियर आज रेशमी केसांना रिबीन बांधून मांडीवर बसतं, पण त्याचं मूळ यॉर्कशायरच्या विणकरांच्या वस्तीतलं. स्कॉटलंडहून पोटासाठी आलेल्या मागवाल्यांनी आपली उंदीरमारी कुत्री बरोबर आणली, ती तिथल्या कुत्र्यांत मिसळली आणि गिरण्यांच्या गावात हे वाण तयार झालं. आपल्याकडे इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या मागवाल्यांनी एखादं कुत्रं घडवलं असतं तर ते कसं झालं असतं, असा एक रिकामा विचार मनात येऊन जातो.

ह्या मांडीवरच्या कुत्र्यालाही काम विसरता आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात एका अमेरिकन सैनिकाकडे स्मोकी नावाची यॉर्कशायर कुत्री आली. वजन पावणेदोन-दोन किलो. पुढे फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. धावपट्टी खणायची तर विमानं थांबवावी लागणार. जमिनीखाली सत्तर फूट लांबीचा पाण्याचा पाइप होता, तोही जागोजागी मातीनं भरत आलेला. गळपट्ट्याला दोरी बांधून स्मोकीला त्यात सोडलं आणि ती पलीकडून बाहेर आली. असल्या कुत्रीला दिवसभर सोफ्यावर बसवून ठेवणं ही तिची बडदास्त म्हणावी की कैद, हे वाचकानं ठरवावं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ह्या मंडळींत मोठी फूट पडली. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, कुत्र्यांच्या जातींची दप्तरं सुरू झाली, प्रदर्शनं भरू लागली. एका बाजूला देखणेपणा मोजणारे, दुसऱ्या बाजूला काम बघणारे. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल ह्या वादाच्या अगदी मध्यावर उभे आहेत. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली. पुढचं सगळं रसेल घराणं तिच्यापासून धरतात. ते केनेल क्लबचे सुरुवातीचे सभासद, पण जीव कामाच्या कुत्र्यात. त्यांच्या नावाच्या जॅक रसेलला ब्रिटनच्या त्याच केनेल क्लबनं मान्यता दिली ती थेट २०१६ मध्ये. कामवाले इतकी वर्षं ती नको म्हणत होते: दप्तरात नाव चढलं की कुत्र्याचं डोकं हरवतं, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटतो. ज्या जातींचे केस, कान आणि नाकं पंचांच्या आवडीनं वाढत किंवा आखडत गेली, त्यांचे हाल दवाखान्यातल्या बाकावर बसून मी पाहिले आहेत.

हिंदुस्थानात टेरियर आलं ते साहेबाबरोबर. रेल्वेचे बंगले, चहाचे मळे आणि छावण्या ही त्याची ठिकाणं. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगकडे लाहोरच्या दिवसांत व्हिक्सन नावाची फॉक्स टेरियर कुत्री होती, आणि त्याच्या कथांतून ती शेपूट हलवत फिरते. जालन्यालाही छावणी होती. १८२७ मध्ये वसवलेली, पुढे हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची, आणि १९०३च्या सुमारास उठलेली. साहेब गेले, पलटणी गेल्या, बंगले पडले. गावात राहिली ती टॉमी, जॉनी, मोती ही नावं, आणि इंग्रजीतून कुत्र्याला हुकूम द्यायची सवय. मराठीत बोलणारा माणूस कुत्र्याशी बोलताना एकदम ‘कम, कम’ का म्हणतो, ह्यावर पु. लं.नी ‘पाळीव प्राणी’ लिहून ठेवल्यावर कोणी काही वेगळं लिहावं असं उरलेलं नाही.

आपल्या मराठवाड्यात बिळात शिरणारं कुत्रं कधी घडवलं गेलं नाही. इथलं नावाजलेलं कुत्रं कारवानी आणि त्याचं झुपकेदार भावंड पश्मी. लांब पायांची, उघड्या माळावर सशामागे सुटणारी. बाकी राखणीला गावठी कुत्रं. बळदांतल्या आणि पेवांतल्या धान्यावर तुटून पडणाऱ्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त इथे मांजर आणि धामण करत आली. श्रद्धेतही कुत्रं उघड्यावरचंच: खंडोबाचं, दत्ताच्या पायाशी बसलेलं, नामदेवांची भाकरी पळवणारं. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा संत ज्या मुलखातला, त्या मुलखाला कुत्र्यावर माया कशी करावी हे शिकवायची गरज नाही. पण माया आणि निगा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तूप टेरियरला घातलं तर स्वादुपिंड सुजून त्याला दवाखान्यात न्यावं लागू शकतं, हे नामदेवांच्या कथेत नाही.

निगेबद्दल बोलायचं तर जालन्यात पहिली गाठ उन्हाशी. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या आसपास जातो. ह्या कुत्र्याचं पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं, आणि खालून तापलेलं डांबर त्याची ती सगळी धडपड वाया घालवतं. रस्त्यावर आपला उलटा हात सात-आठ सेकंद ठेवून बघावा. आपल्याला ठेववत नसेल तर त्याला नेऊ नये. सूर्य उगवायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर, एवढेच फिरण्याचे दोन वायदे. उन्हाचा झटका बसलाच तर पाय, पोट, जांघा साध्या पाण्यानं भिजवून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. बर्फ चोळू नये. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. उन्हाळ्यात केस पार भादरून टाकायचा मोह होतो. राठ केसांच्या टेरियरला दुहेरी लव असते, वरची राठ आणि आतली मऊ. वस्तऱ्यानं काढली की पुन्हा येताना ती पातळ आणि लोकरीसारखी येते, कातडीला ऊन लागतं. म्हणून जाणकार मेलेले केस बोटांनी उपटून काढतात; कोंबडी सोलल्यासारखं दिसतं, पण कुत्रं खुशाल डोळे मिटून बसतं.

पाण्याची गोष्ट जालनेकराला निराळी सांगायला नको. नळाची वाट बघणाऱ्या गावात दर रविवारी कुत्र्याला आंघोळ घालणं शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतंच. आनंदाची गोष्ट अशी, की टेरियरला ती लागतही नाही. चिखल वाळू द्यावा, खरखरीत ब्रशनं झटकावा, आतलं अंग कोरडं आणि स्वच्छ निघतं. दीड-दोन महिन्यांनी एकदा धुतलं तरी पुरे.

गोचिडांकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. जुन्या जालन्यातले पांढऱ्या मातीच्या भिंतींचे वाडे, माळवदाची लाकडं, दगडांतले सांधे ही तिची हक्काची घरं. कुत्र्याला औषध लावलं आणि भिंत तशीच सोडली, की पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे. कुत्रं सुस्त पडलं, हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या, लघवी चहाच्या रंगाची झाली, नाकातून रक्त आलं, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रक्त तपासावं.

आणि उंदरांचं विष. मोंढ्याजवळ, गोदामांजवळ, बियाण्यांच्या कोठारांजवळ राहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. टेरियरच्या रक्तात उंदीर मारणं आहे, आणि आपण उंदीर मारायला काळी पूड किंवा रंगीत वड्या टाकतो. काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाइड; पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी वायू सोडते. विष खाल्लं की दूध-तूप पाजायची आपली जुनी चाल इथे उलटी पडते, कारण पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं. काही न चारता थेट दवाखान्यात न्यावं. रंगीत वड्यांतलं विष रक्त गोठू देत नाही. दोन-चार दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं आणि मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं. वेळेत जीवनसत्त्व ‘के’ मिळालं तर वाचतं. टेरियर असलेल्या घरात विष ठेवू नये, पिंजरा लावावा. शिवाय उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस इतर लशींबरोबर चुकवू नये.

बाकीचं थोडक्यात. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून तीन पायांवर उड्या मारत चालणारं कुत्रं गमतीचं समजू नये. यॉर्कशायरची श्वासनलिका नाजूक असते. त्याला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधावा. दुधाचे दात पडले की नाही ते सात महिन्यांच्या आत बघून घ्यावं. सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला चारशे-सव्वाचारशे कॅलरी पुरतात, म्हणजे दुधात कुस्करलेल्या दोन भाकरींत त्याची भूक भागते आणि गरज भागत नाही. जालन्यात व्यापारी घरं पुष्कळ, त्यांत शाकाहारी पुष्कळ. मांजरासारखी कुत्र्याची मांसावाचून अडचण होत नाही, पण प्रथिनांचा हिशेब कोणीतरी बसवून द्यावा लागतो. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट मात्र प्रसाद म्हणूनही देऊ नये.

हे पुस्तक आत्ताच का, असा प्रश्न कोणी विचारेल. २००३च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीत पग आलं आणि देशभर पगची लाट उठली. चपट्या नाकाचं ते कुत्रं आपल्या उन्हात कसं जगणार ह्याचा विचार नंतर सुरू झाला. तशीच लाट आता लहान टेरियरांची येऊ घातली आहे. घरं लहान, माणसं कमी, मोबाइलवर फोटो बघून पिल्लू मागवायचं. केंद्राच्या २०१७च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्लं खोक्यात घालून रात्रीच्या बसनं येतात. मी स्वतः असाच एक ‘जॅक रसेल’ एका मोठ्या शहरातून आणला होता. वर्षभरात त्याचं वजन चौदा किलो झालं आणि पाय जिराफासारखे. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद. आम्ही त्याचं नाव ‘पावती’ ठेवलं, आणि ते तेरा वर्षं आमच्याकडे राहिलं.

उलट बाजूनं भीतीही आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं तेवीस जातींना हिंस्र ठरवून त्यांच्यावर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना धाडलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. त्या यादीत पिटबुल टेरियर होतं. झालं, टेरियर शब्द वाचून आमच्या एका ओळखीच्या घरी सोसायटीचे लोक पाच किलोच्या यॉर्कशायरची चौकशी करायला आले.

ह्या पुस्तकाचे लेखक पशुवैद्यक आहेत. गाय-बैल, शेळ्या तपासत त्यांची निम्मी हयात गेली. लहान कुत्र्यांकडे ते वळले ते रुग्णच तसे येऊ लागले म्हणून. त्यामुळे पुस्तकात जातींचं कौतुक कमी आणि रोजच्या अडचणी जास्त आहेत. परदेशी पुस्तकांतली थंड हवा, हिरवळ आणि बागेचं अंगण त्यांनी वगळलं. माळवद, कूलर, मोंढा आणि पाण्याची टाकी धरून लिहिलं. कुत्र्याला काम द्या, हे त्यांचं मुख्य म्हणणं: जुन्या चादरींच्या ढिगात खाऊ लपवा, अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा खड्डा द्या, खणायचं तिथेच खणू द्या. एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. लांब केसांचं यॉर्कशायर जालन्यात नीट राहू शकतं, असं ते म्हणतात आणि त्याची रीतही देतात. मला वाटतं, जे राहू शकतं ते सगळंच आणावं असं नाही. हा वाद आम्ही त्यांच्या ओट्यावर बऱ्याच संध्याकाळी घातला.

त्या ओट्यालगत एक बुजवलेलं जुनं पेव आहे. डॉक्टरांची टेरियर कुत्री आता अकरा वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. आमचं बोलणं चालू असताना ती पेवाच्या कडेला जाऊन नाक लावते, मान तिरकी करते आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागते. डॉक्टर बोलता बोलता उठतात, खड्डा पायानं बुजवतात आणि परत येऊन बसतात. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघते, आणि वीतभर पलीकडे दुसरा सुरू करते.